शिकाऊ हात आणि अतिदक्षता विभाग

लंडनच्या पूर्व भागात एक्सेल नावाचं एक अवाढव्य प्रदर्शन केंद्र आहे. २०२०च्या मार्चअखेरीस काही दिवसांत त्याचं रुग्णालय करण्यात आलं आणि ३ एप्रिलला ते सुरू झालं. नाव अर्थातच नाइटिंगेल. ते वर्षही फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या द्विशताब्दीचं होतं. गरज पडली तर चार हजार खाटांपर्यंत जाता येईल अशी तिथे जागा होती. पहिल्या लाटेत प्रत्यक्षात दाखल झाले ५४ रुग्ण. लंडनमधल्या जुन्या रुग्णालयांनी आपले अतिदक्षता विभाग ताणून मोठे केले, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त टोचणारं होतं. खाट महिन्याभरात उभी करता येते, व्हेंटिलेटर विकत किंवा उसना आणता येतो; पण त्या दोन्हींच्या शेजारी उभी राहणारी, अतिदक्षतेचं काम येणारी नर्स घडायला काही वर्षं लागतात. ती कोणत्याही गोदामात शिल्लक नव्हती.

एरवी ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक प्रशिक्षित नर्स असते. त्या वसंतात आलेल्या सरकारी मार्गदर्शनाने हे प्रमाण सहा रुग्णांमागे एक इतकं सैल करायला मुभा दिली. मदतीला इतर वॉर्डांतल्या नर्स आणि साहाय्यक द्यायचे होते. मग हे साहाय्यक आणायचे कुठून? नजर वळली ती नर्सिंग कॉलेजांकडे.

ब्रिटनमधल्या नर्सिंगच्या पदवीला ४,६०० तासांचं शिक्षण लागतं. त्यातले निम्मे तास वर्गात जातात आणि निम्मे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये. २५ मार्च २०२० रोजी तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने आणीबाणीचे नियम काढले. शेवटचे सहा महिने उरलेल्या विद्यार्थ्यांना, त्यांची तयारी असेल तर, सगळा वेळ रुग्णालयात काम करता येणार होतं. त्यांच्या मागच्या तुकड्यांना ८० टक्के वेळ रुग्णालयात आणि २० टक्के अभ्यासाला द्यायचा होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मात्र वॉर्डापासून दूर ठेवलं गेलं. जे जातील त्यांना पगार मिळणार होता. बहुतेक जण साध्या वॉर्डांत गेले, काही जण थेट अतिदक्षता विभागात पोहोचले.

या नियमांतला सगळ्यात मोठा बदल बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येणार नाही. एरवी ब्रिटनमधला नर्सिंगचा विद्यार्थी वॉर्डाच्या संख्याबळात धरला जात नाही. तो नसला तरी काम चाललं पाहिजे, असं गृहीत धरून ड्युटी लावली जाते. म्हणून त्याला थांबता येतं, विचारता येतं, एखादी ड्रेसिंग पुन्हा पाहता येते. २०२०च्या त्या काही महिन्यांत पगारी विद्यार्थी संख्याबळात धरला गेला. देखरेख ठेवायचीच होती, शिकण्याचे तासही मोजायचे होते. पण तो आता ‘जास्तीचा’ राहिला नव्हता. ती मुलंमुली पुढे जे काही शिकली आणि जे शिकायचं राहून गेलं, त्यातलं बरंचसं या एका बदलाशी जोडलेलं आहे.

साथीच्या काळात अत्यवस्थ रुग्णापाशी विद्यार्थी उभे राहिल्याची ही पहिली वेळ नव्हती. खरं तर आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्मच विद्यार्थ्यांच्या हातून झाला आहे.

१९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. साथीच्या रोगांचं ब्लेगडॅम रुग्णालय भरून वाहू लागलं. ऐन भरात दिवसाला पन्नासेक रुग्ण दाखल होत होते. त्यांतल्या शेकडो जणांना नुसता हातापायांचा लुळेपणा नव्हता, तर श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच निकामी झाले होते. अशा रुग्णांसाठी रुग्णालयाकडे होता एक ‘लोखंडी फुप्फुसा’चा पिंप आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रं. पहिल्या महिन्यात यंत्रांवर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी शेवटी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावलं. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहाबाहेर पडून वॉर्डात येणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. मृतांच्या रक्तात वाढलेला बायकार्बोनेट डॉक्टरांना काहीतरी गूढ विकार वाटत होता. इब्सेन यांना त्यात साचलेला कार्बन डायऑक्साइड दिसला: रुग्णांचा श्वास पुरा पडत नव्हता, इतकंच. २७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या विवी एबर्ट या मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यात छेद द्यायला लावून त्यात नळी बसवली आणि नळीला रबरी पिशवी जोडून हाताने हवा भरायला सुरुवात केली. मुलगी आधी आणखीच घाबरीघुबरी झाली, पिशवीशी झगडू लागली. गुंगीचं औषध दिल्यावर झगडा थांबला आणि हवा आत जाऊ लागली. विवी वाचली.

उपाय सापडला, पण तो चालवायला यंत्र नव्हतं. एका रुग्णाची पिशवी दिवसरात्र दाबायला माणसं लागणार होती, आणि एका वेळी असे सत्तरपर्यंत रुग्ण होते. विद्यापीठातून वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेचे विद्यार्थी बोलावले गेले. पुढच्या महिन्यांत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने ही पिशवी दाबली. त्यांच्या कामाचे एकूण तास १,६५,००० भरले. श्वास बंद पडलेल्या रुग्णांतला मृत्यूदर ८०-९० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास उतरला. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी कायमचा विभाग उघडला. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून तोच सांगितला जातो.

त्या विद्यार्थ्यांना कुणी पुस्तक दिलं नव्हतं, कारण असं पुस्तकच नव्हतं. दर मिनिटाला किती वेळा दाबायचं, किती जोराने दाबायचं हे ते रुग्णाकडे बघून ठरवत. नळीमुळे मुलांना बोलता येत नसे, तेव्हा डोळ्यांची भाषा समजून घ्यावी लागे. कपाळावर घाम आला, रक्तदाब चढू लागला, तर हवा कमी पडते आहे. एका हाताने पिशवी दाबत दुसऱ्या हातात गोष्टीचं पुस्तक धरून वाचून दाखवणारे विद्यार्थीही होते. काहींच्या पाळीतच समोरचं मूल गेलं. विद्यार्थ्यांच्या भोवती मोठ्या संख्येने आणलेल्या नर्स होत्या, आणि घशातला कफ ओढणं, कूस बदलणं, अंग पुसणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. इतिहासात मात्र पिशवीचाच फोटो छापला जातो.

चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, डेन्मार्कमध्येच स्वतःहून फुगणारी पिशवी बनली. हेनिंग रूबेन हे भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हे अभियंता यांची ती निर्मिती, आणि तिचं नाव अँबू. लातूर असो की लंडन, नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या वर्षा-दोन वर्षांत अँबू बॅग येतेच.

करोनाच्या साथीत मात्र हवा भरायला यंत्रं होती. मग विद्यार्थ्याने करायचं काय?

बघायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. व्हेंटिलेटर दर काही मिनिटांनी किंचाळतो आणि नवख्या माणसाची पहिली उडी यंत्राकडे जाते. आवाज बंद करायचं बटण बोटाला लगेच सापडतं. जुनी सिस्टर तिथेच हात धरते: आधी माणूस बघ, मग मशीन. छाती दोन्ही बाजूंनी वर येते आहे का? ओठांचा रंग कसा आहे? दाब वाढल्याचा इशारा असेल तर नळीत कफ अडकला असेल, नळी दुमडली असेल, रुग्णाने ती दातांत धरली असेल, किंवा फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साचली असेल. दाब कमी झाल्याचा इशारा असेल तर बहुधा एखादा जोड सुटला आहे. नळी सरकली का, तुंबली का, छातीत हवा भरली का, यंत्र बिघडलं का, या चार प्रश्नांची ओळ पाठ असली की घाबरलेलं डोकंसुद्धा चालतं. काहीच उलगडलं नाही तर यंत्र काढायचं, अँबू बॅग लावायची आणि हाक मारायची. म्हणजे फिरून कोपनहेगनच.

दुसरा धडा हिशेबाचा. करोनात निकामी झालेल्या फुप्फुसांत हवा किती भरायची? जास्त भरली तर उरलेला निरोगी भाग ताणून फाटतो. अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांवरच्या एका चाचणीने २००० साली दाखवलं, की प्रत्येक श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली तर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. यातलं किलो मात्र वजनकाट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं. १६५ सेंटिमीटर उंचीचा पुरुष ९० किलोंचा असला तरी त्याच्यासाठी हिशेब सुमारे ६१ किलोंचा धरतात, म्हणजे एका श्वासाला ३७० मिलिलिटरच्या जवळपास. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत. टेपने रुग्णाची लांबी मोजून चार्टवर लिहायला सांगितलेला विद्यार्थी आपल्याला किरकोळ काम मिळालं म्हणून खट्टू होत असेल, तर त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

तिसरा धडा पालथं घालण्याचा. उताण्या झोपलेल्या रुग्णात हृदयाच्या आणि सुजलेल्या फुप्फुसाच्या वजनाने पाठीकडचा भाग दबून बंद पडतो. नेमका तिथेच रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. रुग्णाला पोटावर घातलं की तो भाग उघडतो आणि रक्ताला हवा भेटते. फ्रान्समधल्या क्लोद गेराँ आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या चाचणीत अशा रुग्णांना रोज किमान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. चाचणी गाजली, पण अनेक विभागांत हा उपाय क्वचितच केला जायचा, कारण तो दमवणारा आहे. करोनाने त्याला रोजच्या कामात आणलं.

बेशुद्ध रुग्णाला पालथं घालायला पाच ते सात माणसं लागतात. डोक्याशी उभा असलेला श्वासनळी धरतो आणि तोच आकडे मोजतो. त्याच्या शब्दाविना कुणी हलायचं नाही. आधी पोटात जाणारं अन्न थांबवायचं. गळ्यातल्या शिरेतली नळी, लघवीची नळी, धमनीतली सुई, प्रत्येकीला वळण्यापुरता ढील आहे ना, हे बघायचं. ईसीजीच्या पट्ट्या छातीवरून पाठीवर न्यायच्या. रुग्णाला स्नायू सैल पाडणारं औषध चालू असेल तर त्याला पापणी मिटता येत नाही, म्हणून डोळ्यांत मलम घालून ते चिकटपट्टीने बंद करायचे. नाहीतर माणूस करोनातून वाचेल आणि बुबुळाला जखम घेऊन घरी जाईल. मग दर काही तासांनी डोकं एका गालावरून दुसऱ्या गालावर, एक हात वर आणि एक खाली. गाल, हनुवटी, कपाळ, गुडघे यांवर दाबाचे व्रण पडतात. अनेक रुग्णालयांनी यासाठी वेगळी पथकं केली. विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुतेकदा एक पाय, एक उशी किंवा एक नळी यायची. पण नळी सांभाळणारा झोपला तर पथकातल्या बाकी सहा जणांची मेहनत वाया जाते, हेही त्याला तिथेच कळायचं.

यातलं बरंच पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेला भाग शिकण्याची एक जुनी पद्धत आहे: सिस्टर काम करते आणि करता करता बोलत राहते. ‘बघ, याचा श्वास यंत्राशी भांडतोय.’ ‘लघवी कमी झालीय, डॉक्टरांना आता सांगते, तासाने नाही.’ अतिदक्षतेतलं शहाणपण या बडबडीतून उतरतं. साथीत नेमकी ती बडबड बंद पडली. दुहेरी मास्क आणि फेसशील्डमागून शब्द ऐकू येईना, चेहरा दिसेना. गाऊनवर मार्करने नाव लिहून माणसं ओळखावी लागत. पीपीई किट घालणं-काढणं हीच वेगळी शिस्त होती आणि काढताना चूक झाली तर संसर्ग आपल्याच अंगाला. त्यामुळे पाच मिनिटं बाहेर येऊन काही विचारावं, तर तीही सोय नव्हती. सहा रुग्ण अंगावर असलेली नर्स विद्यार्थ्याला कारण सांगत बसत नाही. ती सांगते, ‘हे धर.’

स्पेन सरकारने १५ मार्च २०२० च्या आदेशाने शेवटच्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांना साहाय्यक म्हणून नेमायला परवानगी दिली. त्यांच्या मुलाखतींवरचे अभ्यास पुढे छापून आले आणि इतर देशांतूनही तसेच आले. भीती, घरच्यांना संसर्ग देण्याची धास्ती, उपयोगी पडल्याचं समाधान, भराभर शिकल्याची भावना, हे सगळं त्यात एकाच तोंडून येतं. त्यात नवल नाही. लक्ष द्यावं असा सूर वेगळा आहे: आपण नक्की कोण, हे न कळल्याचा. साहाय्यक म्हणून सही करायची आणि नर्ससारखं काम करायचं. जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते दर पाळीला नव्याने ठरायचं.

आणि मरण. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मृत्यूचा धडा असतो, पण त्यात नातेवाईक असतात. २०२०च्या अतिदक्षता विभागात ते नव्हते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब रुग्णाच्या तोंडासमोर धरायचा आणि पलीकडून मुलगी रडत असताना आपला हात हलू द्यायचा नाही, हे काम बऱ्याचदा सगळ्यात धाकट्या माणसाकडे आलं, कारण मोठ्यांचे हात औषधांत अडकलेले. हे काम कोणत्या कौशल्याच्या रकान्यात टाकायचं, ते कॉलेजांनाही ठरवता आलं नसेल.

विद्यार्थी की मनुष्यबळ, हा वाद नर्सिंगमध्ये शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली बहुतेक रुग्णालयं नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या श्रमांवरच चालत. १९१८च्या इन्फ्लुएन्झात त्या वॉर्डांत राबल्या आणि काही दगावल्या. १९२३ मध्ये जोसेफिन गोल्डमार्क यांचा अहवाल आला. रुग्णालयाच्या गरजेपुढे शिक्षणाचा बळी जातो, हे त्याने आधारासह मांडलं. त्याच वर्षी येल विद्यापीठात नर्सिंगचं स्वतंत्र विद्यालय निघालं. विद्यार्थ्याला संख्याबळाबाहेर ठेवण्यामागे असा इतिहास आहे. साथ आली की हा नियम भराभर गुंडाळून ठेवला जातो, हेही इतिहासाला धरूनच.

महाराष्ट्रात २०२० मध्ये उलटंच घडलं. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली, वसतिगृहं रिकामी झाली आणि नर्सिंगच्या जीएनएम पदविकेच्या आणि बीएस्सीच्या मुली गावी जाऊन मोबाइलवर तास ऐकू लागल्या. नळीतला कफ कसा ओढायचा हे ज्यांनी पडद्यावर पाहिलं, त्यांच्यातल्या काहींचा पहिला खरा अतिदक्षता विभाग थेट कोविडचा निघाला. इकडे मुंबईत माणसं कमी पडत होती. मे २०२० मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या कोविड केंद्रासाठी महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या. दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ रोजी, केंद्र सरकारने जाहीर केलं की बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या नर्सना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविडचं काम द्यावं आणि १०० दिवस काम करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळावं. एमएस्सी नर्सिंगचे विद्यार्थी नोंदणीकृत नर्स असतातच, त्यामुळे त्यांनाही कामाला घेता येणार होतं. देखरेख कोण करणार, हे मात्र प्रत्येक रुग्णालयावर सोडलेलं. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकषही व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे दर पाळीला एक नर्स असाच आहे. तो साथ नसतानाही किती ठिकाणी पाळला जातो, हे कुठल्याही जिल्हा रुग्णालयात रात्री चक्कर मारली की कळतं.

त्या गदारोळात एक हुशार गोष्ट नंदुरबारला झाली. ऑक्सिजनची ओढाताण असताना तिथल्या प्रशासनाने ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या: पन्नासेक रुग्णांमागे एक जण, जिचं काम फक्त फिरून प्रत्येकाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी बघणं आणि गरजेइतकाच प्रवाह ठेवणं. पातळी ९५ टक्के असलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन विनाकारण जोरात चालू आहे का, जेवताना मास्क बाजूला ठेवून नळी तशीच सुसाट सोडली आहे का, हे डोळ्यांच्या एका जोडीने टिपलं की शेजारच्या खाटेला ऑक्सिजन पुरतो. पुढे इतर जिल्ह्यांनाही हा प्रयोग करायला सांगण्यात आलं. शिकाऊ माणसाला देण्याजोगं काम असंच असतं: मर्यादा आखलेली, कारण समजलेलं, आणि चुकलं तर लगेच दिसणारं.

पहिल्या लाटेनंतर ब्रिटनने एक पाऊल उचललं. आधी ३०० आणि पुढे ६०० तासांपर्यंतचं प्रत्यक्ष शिक्षण पुतळ्यांवर आणि रचलेल्या प्रसंगांवर करायला कौन्सिलने परवानगी दिली. यात फायदा आहे. पुतळ्याचा व्हेंटिलेटर बंद पडला तर कुणी मरत नाही, तोच प्रसंग दहादा करता येतो, आणि शिक्षकाला थांबून बोलता येतं. मात्र पुतळा भांबावत नाही, किट घातलेल्या माणसाला भूत समजून नळी उपटत नाही. भारतात नर्सिंग परिषदेने अतिदक्षतेसाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम साथीच्या आधीच सुरू केला होता, आणि परिषदेच्या १९४७च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. अभ्यासक्रम बदलतील, तासांची मोजदादही बदलेल. इन्चार्ज सिस्टर महिन्याचं ड्युटीपत्रक करायला बसते तेव्हा विद्यार्थ्यांची नावं पाळीच्या आकड्यात धरते की आकड्याबाहेर वेगळी लिहिते, ते मात्र तिच्या वॉर्डात किती जागा रिकाम्या आहेत त्यावर ठरतं.